आर्क्टिकच्या तेलात आपला वाटा नको

आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेला किती तेल आणि किती वायू दडलेला असेल, याचा अंदाज अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २००८ साली जाहीर केला. तेल ९,००० कोटी पिंपे, वायू सुमारे ४७ लाख कोटी घनमीटर. जगात अजून न सापडलेल्या तेलापैकी १३ टक्के आणि वायूपैकी ३० टक्के इथे असावा, असे त्यात म्हटले होते. तेव्हापासून उत्तर ध्रुवाविषयीचे प्रत्येक भाषण, प्रत्येक धोरणपत्र याच आकड्यांपासून सुरू होते. त्याच अहवालातल्या दोन गोष्टी मात्र सहसा सांगितल्या जात नाहीत. हा अंदाज बांधताना साठा बाहेर काढायला खर्च किती येईल, याचा विचारच केलेला नव्हता. आणि या साठ्यापैकी ८४ टक्के समुद्राच्या तळाखाली आहे, म्हणजे वर्षातले कित्येक महिने बर्फाने झाकलेल्या पाण्याखाली. जग रोज सुमारे दहा कोटी पिंपे तेल जाळते. ते ९,००० कोटी पिंपे तेल सगळेच्या सगळे सापडले आणि शेवटच्या थेंबापर्यंत उपसले, तरी जगाला ते अडीच वर्षेही पुरणार नाही.

एवढ्यासाठी आर्क्टिकभोवतीच्या आठ देशांची राजधान्या-राजधान्यांतून धावपळ चालली आहे, आणि त्या धावपळीत आपणही मागच्या रांगेत उभे आहोत. माझे म्हणणे सरळ आहे. भारताने या शर्यतीत आणखी एक पैसाही घालू नये. आर्क्टिकमध्ये नवे तेल आणि नवा वायू काढू नये, या भूमिकेच्या बाजूने उघडपणे उभे राहावे. हे पर्यावरणप्रेमाच्या उमाळ्यातून म्हणत नाही. व्यवहाराचा हिशेब मांडला तरी उत्तर हेच येते.

‘मागच्या रांगेत’ म्हणालो, ते जपून. आर्क्टिकच्या तेलात आपला वाटा आधीच आहे, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक असते. सायबेरियाच्या उत्तरेला, क्रास्नोयार्स्क प्रांतात, आर्क्टिक वर्तुळाच्या वर वांकोर नावाचे मोठे तेलक्षेत्र आहे. २०१६ साली ओएनजीसी विदेशने त्यात आधी १५ आणि मग आणखी ११ टक्के हिस्सा रशियाच्या सरकारी तेल कंपनीकडून, रोसनेफ्टकडून, विकत घेतला. ऑइल इंडिया, इंडियन ऑइल आणि भारत पेट्रोलियमची उपकंपनी यांनी मिळून आणखी २३.९ टक्के घेतला. म्हणजे या क्षेत्राचा जवळजवळ निम्मा हिस्सा भारतीय सरकारी कंपन्यांच्या नावावर आहे. या सौद्यांत चारशे कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली. तेव्हा याचे वर्णन ‘ऊर्जा सुरक्षा’ असे झाले. पण वांकोरचे तेल आपल्या बंदरात उतरावे म्हणून हा सौदा नव्हताच. ते पाइपलाइनने रशियाच्या जाळ्यात जाते, तिथून ज्याला विकायचे त्याला विकले जाते, आणि आपल्याला लाभांश मिळतो. २०२२ नंतर तो लाभांशही मिळेनासा झाला. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर पैसे देशाबाहेर पाठवण्यावर निर्बंध आले आणि आपल्या कंपन्यांच्या वाट्याचे कोट्यवधी डॉलर रशियातल्या बँकखात्यांत पडून राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेने थेट रोसनेफ्टवरच निर्बंध लादले. ज्या गुंतवणुकीतून संकटकाळी तेलही मिळत नाही आणि पैसाही हाती येत नाही, तिला सुरक्षा कशी म्हणायची?

यावर कोणी म्हणेल, युद्ध झाले म्हणून असे झाले, एरवी सौदा चांगलाच होता. म्हणून युद्धाच्या आधीचा इतिहास बघू. तो काही फार वेगळा नाही.

बॅरेंट्स समुद्रात, रशियाच्या किनाऱ्यापासून साडेपाचशे किलोमीटरहून दूर, श्टोकमन नावाचे वायुक्षेत्र १९८८ साली सापडले. साठा ३.८ लाख कोटी घनमीटरच्या आसपास. जगातल्या सर्वांत मोठ्या वायुक्षेत्रांपैकी एक. गाझप्रॉम या रशियन सरकारी वायू कंपनीने फ्रान्सची तोताल आणि नॉर्वेची स्टॅटऑइल या कंपन्यांना बरोबर घेतले. इथला वायू द्रवरूप करून अमेरिकेला विकायचा, असा बेत होता. अडचणी अशा की एकेक ऐकूनच माणूस थकावा. हेलिकॉप्टर एका टाकीच्या इंधनात जाऊन परत येऊ शकेल की नाही, इतके अंतर. समुद्रात तरंगत येणारे हिमनग, आणि हिमनग आला तर नांगर सोडून बाजूला होऊ शकेल अशा तरंगत्या उत्पादन जहाजाची गरज. यावर वर्षानुवर्षे अभियंत्यांनी डोके चालवले. तेवढ्यात अमेरिकेने आपल्याच जमिनीखालचा, खडकांच्या थरांत अडकलेला ‘शेल’ वायू इतक्या स्वस्तात काढायला सुरुवात केली की तिला बाहेरचा वायू नकोसा झाला. २०१२ साली श्टोकमन गुंडाळला गेला. सापडल्यापासून चोवीस वर्षे गेली होती आणि एक घनमीटर वायूही विकला गेला नव्हता.

मला या सगळ्या विषयात श्टोकमनची गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. तिथे अपघात झाला नाही, आंदोलन झाले नाही, सरकार आडवे आले नाही. केवळ वेळ गेला आणि जग पुढे निघून गेले. आर्क्टिकमध्ये शोधापासून विक्रीपर्यंत पंधरा-वीस वर्षे सहज जातात. आज ठरवलेला नवा प्रकल्प २०४० च्या सुमारास उत्पादन देऊ लागेल आणि त्याला पुढची तीस वर्षे गिऱ्हाईक लागेल. सौर पॅनेल आणि बॅटरीच्या किमती गेल्या दशकात ज्या वेगाने उतरल्या, तो पाहता २०४० सालच्या बाजारावर आज पैज लावणे धाडसाचे आहे. सरकारी कंपनीने जनतेच्या पैशाने ती लावणे तर त्याहून चुकीचे.

इतरांचेही हात पोळलेच. शेल या बड्या तेल कंपनीने २००८ साली अलास्काजवळच्या चुकची समुद्रातले परवाने २१० कोटी डॉलर मोजून घेतले. ३१ डिसेंबर २०१२ रोजी कुलुक हे तिचे तेलविहीर खोदणारे तराफ्यासारखे जहाज ओढून नेत असताना वादळात दोर तुटून कोडियाकजवळच्या एका बेटाला जाऊन धडकले. २०१५ साली एक विहीर खोदून झाली, तिच्यात फारसे काही सापडले नाही आणि शेल तिथून निघून गेली. एव्हाना खर्च सातशे कोटी डॉलरच्या घरात गेला होता. राजस्थानातल्या बाडमेरला मंगला तेलक्षेत्र शोधून नाव कमावलेल्या केर्न एनर्जीने भारतातल्या व्यवसायाचा मोठा हिस्सा वेदांताला विकला आणि ती ग्रीनलंडकडे वळली. २०१० आणि २०११ मध्ये तिने तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर आठ विहिरी खोदल्या. विकण्याजोगे तेल एकीतही लागले नाही. अलास्काच्या संरक्षित वन्यजीव क्षेत्रात उत्खननाला परवानगी द्यावी म्हणून अमेरिकेत चार दशके राजकारण तापले. अखेर जानेवारी २०२१ मध्ये लिलाव झाला, तेव्हा एकही मोठी तेल कंपनी आली नाही. जवळपास सगळे परवाने अलास्का राज्याच्या स्वतःच्याच एका संस्थेने घेतले. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या लिलावात तर एकही बोली लागली नाही.

अपवाद एकच ठळक आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल: यामाल. कारा समुद्र आणि ओब नदीचे आखात यांच्यामध्ये घुसलेल्या या द्वीपकल्पावर साबेत्ता येथे नोवाटेक या रशियन कंपनीने तोताल आणि चिनी भागीदारांसह वायू द्रवरूप करण्याचा कारखाना उभारला. डिसेंबर २०१७ मध्ये तिथून पहिले जहाज निघाले. क्षमता वर्षाला १.६५ कोटी टन, आणि प्रत्यक्षात उत्पादन त्याहूनही जास्त. इथे थंडी ही अडचण न राहता सोय ठरते. वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. बाहेरची हवाच उणे चाळीस असेल तर वीज कमी लागते. त्यासाठी बांधलेली पंधरा जहाजे पाहण्यासारखी आहेत. समोर दोन मीटर जाड बर्फ आला की ती वळतात आणि मागच्या बाजूने, पंख्याने बर्फ दळत, उलटी चालतात. माणसाच्या कौशल्याचा हा मोठा नमुना आहे, हे मोकळेपणाने मान्य करतो.

पण हे यश कोणाच्या जिवावर उभे राहिले, तेही पाहायला हवे. बंदर रशियन सरकारने बांधले. वाट मोकळी ठेवणारी अणुशक्तीवर चालणारी बर्फफोडी जहाजे रोसॅटम या सरकारी अणुऊर्जा कंपनीची. करांत भरघोस सवलती. २०१४ साली रशियाने युक्रेनचा क्रिमिया बळकावल्यानंतर निर्बंध आल्यावर पाश्चात्त्य बँकांनी हात आखडते घेतले, तेव्हा चिनी बँकांनी पैसा दिला. आणि ज्या युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘आर्क्टिकमधले तेल, कोळसा आणि वायू जमिनीखालीच राहायला हवेत’ असे आपल्या धोरणात लिहिले, तोच संघ यामालच्या वायूचा सर्वांत मोठा ग्राहक राहिला, युद्ध सुरू झाल्यानंतरसुद्धा. ही विसंगती मला साधी वाटत नाही. धोरण एका कागदावर आणि गॅसची शेगडी दुसऱ्या कागदावर ठेवता येत नाही.

यामालचा धडा भारतानेही घेतला आहे, पण त्याची चर्चा आपल्याकडे झाली नाही. ‘गेल’ या आपल्या सरकारी वायू कंपनीने २०१२ साली गाझप्रॉमच्या सिंगापूरमधल्या कंपनीशी वर्षाला २५ लाख टन द्रवरूप वायूचा वीस वर्षांचा करार केला होता. ही सिंगापूरची कंपनी गाझप्रॉमच्या जर्मन शाखेखाली होती. २०२२ च्या एप्रिलमध्ये जर्मनीने ती शाखा ताब्यात घेतली, मेमध्ये रशियाने तिच्यावर प्रतिनिर्बंध लादले, यामालहून तिला मिळणारा वायू बंद झाला आणि गेलकडे येणारी जहाजे थांबली. गेलला खतकारखाने आणि इतर उद्योगांचा पुरवठा कापावा लागला. बर्लिन आणि मॉस्को यांच्या भांडणात भारतातल्या खतकारखान्याचा वायू तुटावा, इतकी ही साखळी लांब आणि नाजूक आहे. यामालच्या समोरच, गिदान द्वीपकल्पावर उभारलेल्या ‘आर्क्टिक एलएनजी २’ या पुढच्या प्रकल्पावर नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादले. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथून निघालेली जहाजे माल घेऊन महिनोन्‌महिने समुद्रात फिरत राहिली, कोणी घ्यायला तयार नाही. २०२५ मध्ये चीनने तो माल उतरवून घ्यायला सुरुवात केली. भारताने या वायूपासून लांब राहायचे ठरवले, ते शहाणपणाचे झाले. निर्बंध उद्या उठले तरी हा निर्णय बदलू नये.

या साऱ्याखालची जमीनच आता भरवशाची राहिलेली नाही. उत्तरेकडची जमीन बारमाही गोठलेली असते. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. रस्ते, टाक्या, पाइपलाइन, घरे सगळे तिच्या भरवशावर खांब रोवून उभे केलेले. आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापत आहे. २९ मे २०२० रोजी नोरिल्स्क शहराजवळ एका वीजकेंद्राच्या डिझेलच्या टाकीखालचे आधार खचले आणि सुमारे २१ हजार टन डिझेल जमिनीत आणि अंबारनाया नदीत गेले. पाणी लाल झालेले उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसत होते. वीजकेंद्राच्या मालक कंपनीने वितळत्या जमिनीकडे बोट दाखवले, तपासात बांधकाम आणि देखभालीतले दोषही पुढे आले. कंपनीला १४,६०० कोटी रुबलची भरपाई भरावी लागली. अलास्कात २०२३ साली मंजूर झालेल्या विलो या तेलप्रकल्पात तर खांबांखालची जमीन गोठलेली राहावी म्हणून तिच्यातली उष्णता बाहेर फेकणाऱ्या नळ्या बसवण्याची तरतूद आहे. तेल जाळल्याने जमीन वितळते, आणि ते तेल काढण्यासाठी ती जमीन यंत्राने गोठवत बसायची. या प्रकल्पातून तीस वर्षांत सुमारे ६० कोटी पिंपे तेल काढायचे आहे. जगाच्या सहा दिवसांच्या वापराइतके.

पर्माफ्रॉस्टमध्ये साठलेला कार्बन आज वातावरणात आहे त्याच्या सुमारे दुप्पट आहे. यामालमध्येच २०१६ च्या उन्हाळ्यात कडक उन्हाने वरचा थर वितळला, जुन्या मृत जनावरांतला अँथ्रॅक्स बाहेर पडला, दोन हजारांहून अधिक रेनडिअर मेले आणि बारा वर्षांचा एक मुलगा दगावला. त्या रेनडिअरांचे मालक नेनेत्स लोक होते. वायूच्या पाइपलाइनी आणि रेल्वेमार्ग ज्यांच्या कळपांच्या वाटा कापतात, तेच हे लोक.

इथे एक प्रश्न येतो, आणि तो मला सगळ्यांत अवघड वाटतो. तिथल्या माणसांनाच तेल हवे असेल तर? अलास्काच्या उत्तर उतारावरच्या इनुपियात लोकांपैकी बऱ्याच नेत्यांनी विलोला पाठिंबा दिला; शाळा, दवाखाने, पाण्याची सोय हे सारे तेलाच्या करावर चालते, असे ते सांगतात, आणि ते खरे आहे. त्याच भागातल्या नुइक्सुत या विहिरींच्या सर्वांत जवळच्या गावाच्या महापौरांनी मात्र विरोध केला, कारण कॅरिबूंचे, म्हणजे रानटी रेनडिअरांचे, कळप गावापासून दूर जातील ही भीती. आधी उल्लेखलेल्या संरक्षित वन्यजीव क्षेत्राच्या बाबतीत काक्तोविक गावचे इनुपियात उत्खननाच्या बाजूने, तर दक्षिणेकडचे ग्विचिन लोक ठाम विरोधात. बाहेरून आलेल्या कोणीही ‘मूलनिवासी असे म्हणतात’ असे एका वाक्यात सांगू नये. तरीही ग्रीनलंडचा निर्णय डोळ्यांआड करता येत नाही. लोकसंख्या साधारण ५६ हजार, सरकारी खर्चाचा निम्म्याच्या आसपास भाग डेन्मार्ककडून येणाऱ्या अनुदानावर. स्वातंत्र्याची आस असलेल्या या समाजाला तेलाचा मोह सर्वांत जास्त असायला हवा होता. जुलै २०२१ मध्ये ग्रीनलंडच्या सरकारने तेलशोधाचे नवे परवाने कायमचे बंद केले. हवामानाची किंमत आणि तेलाचे भविष्य पाहता हा मार्ग आपला नाही, अशी भूमिका घेतली. ज्यांना गरज सर्वांत मोठी त्यांनी नाही म्हटले. मग गरज कमी असलेल्यांना ते का जमत नाही?

नॉर्वेला नक्कीच जमत नाही. स्वतःच्या देशात जवळपास सगळ्या नव्या गाड्या विजेवर चालवणारा हा देश बॅरेंट्स समुद्रातले योहान कास्टबर्ग हे तेलक्षेत्र मार्च २०२५ मध्ये सुरू करतो. नॉर्वेजियन म्हणतात, आमचे तेल स्वच्छ पद्धतीने काढलेले आहे आणि आम्ही थांबलो तर हुकूमशहा विकतील. २०२२ नंतर या युक्तिवादाला युरोपात खरेच वजन आले. नॉर्वेचा वायू नसता तर जर्मनीचा तो हिवाळा कठीण गेला असता. चालू विहिरींपुरते मी हे मानतो. नव्या विहिरींना हे समर्थन लागू होत नाही, कारण त्या सुरू होईपर्यंत ती टंचाईच उरलेली नसते.

आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचे म्हणाल तर ती आज मोडकळीला आलेली आहे. १९९६ च्या ओटावा जाहीरनाम्याने आर्क्टिक परिषद स्थापन झाली: आठ देश, आणि त्यांच्याबरोबर टेबलाशी बसणाऱ्या मूलनिवासींच्या सहा संघटना. लष्करी विषय परिषदेत आणायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवले होते. २००७ साली रशियन पाणबुड्यांनी ध्रुवाखाली चार किलोमीटरहून खोल तळावर टायटॅनियमचा झेंडा रोवला तेव्हा जगभर गहजब झाला, पण वर्षभरातच पाच किनारी देशांनी इलुलिसात येथे एकत्र येऊन सागरी कायद्यानुसार वाद सोडवण्याची ग्वाही दिली. २०१० मध्ये नॉर्वे आणि रशिया यांनी चाळीस वर्षांचा सीमावाद संपवून बॅरेंट्स समुद्राची सरळ वाटणी केली. असे काही तिथे घडू शकत होते. मार्च २०२२ मध्ये सात देशांनी रशियाबरोबरचे परिषदेचे काम थांबवले, आणि पुढे कार्यगट कसेबसे सुरू झाले तरी तो विश्वास परतलेला नाही. त्यात अमेरिकेच्या अध्यक्षांनी ग्रीनलंड ताब्यात घेण्याची भाषा सुरू केली. अशा ठिकाणी आर्थिक हितसंबंध गुंतवणाऱ्या तिसऱ्या देशाला रोज कोणाची तरी बाजू घ्यावी लागते. भारताने हे संकट स्वतःहून ओढवून घेण्याचे कारण नाही.

रशियाच्या उत्तर किनाऱ्याने जाणाऱ्या उत्तर सागरी मार्गाचेही हेच. चेन्नई-व्लादिवोस्तोक आणि पुढे ध्रुवीय मार्ग, असे नकाशे आपल्याकडे उत्साहाने छापले जातात. २०२४ साली या मार्गावर ८ कोटी टन माल जावा, असे रशियाचे लक्ष्य होते. गेला सुमारे ३.८ कोटी टन, आणि तोही बहुतेक रशियाचाच तेल, वायू आणि खाणींचा माल. म्हणजे मार्ग वाढवणे आणि उत्खनन वाढवणे या वेगळ्या गोष्टी नाहीतच.

आता आपले खरे हित कुठे आहे ते सांगतो. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर न्यू ओलसुन्द नावाची वस्ती आहे. एकेकाळचे हे कोळसा खाणीचे गाव. नोव्हेंबर १९६२ मध्ये खाणीत स्फोट होऊन २१ कामगार मेले. नॉर्वेत इतका क्षोभ उसळला की पुढच्या वर्षी त्यावरून सरकार पडले. खाण बंद झाली आणि गाव हळूहळू वैज्ञानिकांचे झाले. २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ हे केंद्र तिथे आहे. १९२० च्या स्वालबार्ड करारावर ब्रिटिश साम्राज्यातर्फे भारताच्या वतीनेही सही झाली होती. त्या कराराने सही करणाऱ्या देशांच्या नागरिकांना तिथे खाणकामाचाही हक्क दिला आहे. आपण खाण घेतली नाही, प्रयोगशाळा घेतली. २०१४ साली शेजारच्या कोंग्सफ्योर्डमध्ये पाण्याखाली ‘इंडआर्क’ ही निरीक्षण यंत्रणा सोडली, डिसेंबर २०२३ पासून ध्रुवीय रात्रीतही आपले संशोधक तिथे राहू लागले. हे सारे काम चालते गोव्यात, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून.

याच केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ साली मांडले की कारा समुद्रावरचे उन्हाळी बर्फ घटणे आणि मध्य भारतात मान्सूनच्या शेवटच्या टप्प्यात, सप्टेंबरात, होणारी अतिवृष्टी यांचा संबंध असू शकतो. कारा समुद्र म्हणजे यामालच्या कडेचाच समुद्र. हा संबंध किती घट्ट आहे, यावर अजून बरेच काम व्हायचे आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापुरात आलेल्या पुराला ध्रुवाचे बर्फ जबाबदार होते, असे कोणी म्हणू नये. पण काढणीला आलेले सोयाबीन शेतात सडताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना सप्टेंबरचा पाऊस आधी ओळखता येणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये आर्क्टिक महासागरावर जेमतेम ३४ लाख चौरस किलोमीटर बर्फ उरला होता, भारताच्या क्षेत्रफळाएवढा. १९८० च्या दशकात तो याच्या दुप्पट असायचा. त्या बर्फाशी आपले पीकपाणी जोडलेले असेल, तर तिथला प्रत्येक नवा तेलप्रकल्प आपल्या हिताच्या विरोधात जातो, मग त्यात आपला हिस्सा असो वा नसो.

मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या भारताच्या आर्क्टिक धोरणात विज्ञान आणि हवामान यांना पहिले स्थान आहे, ही चांगली गोष्ट. पण त्याच धोरणात तिथल्या खनिजे व ऊर्जासाठ्यांत संधी शोधण्याचीही भाषा आहे. दोन्ही एकत्र चालणार नाही. भारताकडे आजही स्वतःचे ध्रुवीय संशोधन जहाज नाही. २०२५ मध्ये कोलकात्याची सरकारी जहाजबांधणी कंपनी गार्डन रीच आणि नॉर्वेची कोंग्सबर्ग ही कंपनी यांच्यात ते बांधण्याविषयी सामंजस्य करार झाला, एवढेच. वांकोरमध्ये चारशे कोटी डॉलर घालणाऱ्या देशाने जहाजासाठी इतकी वर्षे थांबावे, हे मला पटत नाही.

बंदीची कल्पना हवेतली नाही. मध्य आर्क्टिक महासागरात, जिथे अजून कोणी व्यापारी मासेमारी केलेलीच नव्हती, तिथे ती सुरू होण्याआधीच थांबवण्याचा करार २०१८ साली झाला. रशिया, अमेरिका, चीन, युरोपीय संघ असे दहा पक्ष त्यात आहेत. जून २०२१ पासून निदान सोळा वर्षे तिथे मासेमारी नाही. आधी विज्ञान, मग विचार, असा तो क्रम. तेलाच्या बाबतीत हे जसेच्या तसे लागू होत नाही, हे खरे. मासेमारीबंदीचे ते क्षेत्र खुल्या समुद्रात आहे, आणि तेल बहुतांशी किनारी देशांच्या हक्काच्या पट्ट्यात. तिथे बंदी घालायची तर त्या-त्या देशानेच घालायला हवी. कॅनडाने २०१६ मध्ये आपल्या आर्क्टिक समुद्रात नवे परवाने थांबवले आहेत. अमेरिका दर निवडणुकीनंतर बाजू बदलते, म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. पण तेल काढणाऱ्याला दोन गोष्टी लागतात: भांडवल आणि गिऱ्हाईक. अमेरिकेतल्या सहा मोठ्या बँकांनी २०२० अखेर आर्क्टिकमधल्या उत्खननाला पैसा देणार नाही असे जाहीर केले होते, आणि त्यानंतरच्या लिलावांत मोठ्या कंपन्यांच्या बोली का लागल्या नाहीत याचे एक कारण तेही आहे. जगातल्या मोठ्या तेल आयातदारांपैकी एक म्हणून भारताच्या शब्दाला इथे वजन आहे. नव्या आर्क्टिक प्रकल्पात भांडवल नाही आणि त्याच्याशी दीर्घ मुदतीचा खरेदी करार नाही, एवढे जाहीर केले तरी पुरे. आर्क्टिक परिषदेत २०१३ पासून आपण निरीक्षक आहोत. तिथे मत नाही, पण कार्यगटांत बोलता येते.

यावर दिल्लीतून येणारे उत्तर मला पाठ आहे. आपली सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशावर, दरडोई उत्सर्जन पाश्चात्त्यांच्या मानाने किरकोळ, तेलाची ८५ टक्क्यांहून अधिक गरज आयातीवर. आपणच का थांबायचे? त्यातला न्यायाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण बाजारात आलेले पिंप विकत घेणे आणि तीस वर्षांसाठी नव्या विहिरीत पैसा पुरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली उद्या बदलता येते. रशियाचे सवलतीतले तेल घेतल्याने २०२२ नंतर आपला परकीय चलनाचा बोजा हलका झाला, त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. दुसरीत मात्र आपण आपल्याच पावसाच्या विरोधात भागधारक होतो.

हा प्रश्न लवकरच प्रत्यक्ष समोर येणार आहे. वांकोरच्या आसपासच रोसनेफ्ट ‘वोस्तोक ऑइल’ हा अवाढव्य प्रकल्प उभारत आहे, आणि भारतीय कंपन्यांना त्यात हिस्सा देण्याची बोलणी युद्धाच्या आधीच झाली होती. अडकलेला लाभांश रुबलमध्ये पडून आहे. निर्बंध सैल होतील तेव्हा मॉस्कोचा प्रस्ताव बहुधा हाच असेल की पैसे नेता येत नसतील तर इथेच, नव्या विहिरीत गुंतवा. कागदावर तो सोयीचा दिसेल. पेट्रोलियम मंत्रालयाने त्याला नकार द्यावा, लाभांश उशिरा का होईना पण रोखीतच मागावा, आणि वांकोरमधला हिस्सा विकायची संधी आली तर ती सोडू नये. संसदेच्या पेट्रोलियमविषयक स्थायी समितीने आतापासूनच या कंपन्यांकडून लेखी हिशेब मागवायला हवा: आर्क्टिकमध्ये आजवर किती गेले, किती परत आले आणि किती अडकून आहे.